लोकरीच्या एकशे बारा माश्या

३ मार्च

आज वन्संना रंगेहाथ पकडलं. सकाळी सात वाजता बाई गॅलरीत, भोपळ्याच्या वेलापाशी, हातात चित्रकलेचा बारीक ब्रश. मला वाटलं, म्हातारपणी हे कसलं खूळ! तर एका फुलातली पिवळी पूड ब्रशावर घेत होत्या आणि दुसऱ्या फुलात नेऊन टेकवत होत्या. अगदी गंभीर चेहऱ्यानं.

"हे काय चाललंय?"

"माशीचं काम," वन्सं म्हणाल्या. "नर फुलातलं मादी फुलात न्यायचं. गेल्या वर्षी वेलाला चाळीस फुलं आली आणि भोपळा एकही धरला नाही. माशी फिरकत नाही, मग कुणीतरी केलं पाहिजे ना."

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. हे जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून या घरात मी आणि त्या. भांडायला तिसरं कुणी लागत नाही. पण अडुसष्ट वर्षांची बाई माशीच्या बदली कामावर उभी आहे हे बघून माझं डोकंच फिरलं. त्यांच्यावर नाही, नक्की कुणावर ते कळेना.

दुपारी ते कळलं. वाचनालयात पुस्तक बदलायला गेले तर ग्रंथपालबाई रडवेल्या. वाचनालयामागं रानफुलांचा लांबच लांब पट्टा आहे, गावात तेवढा एकच उरलाय. तो साफ करून तिथं फरशी घालणार, असा कागद उद्यान खात्यानं दारावर लावलाय.

म्हणून ही वही. लोकरवाल्यानं तीन वर्षांपूर्वी फुकट दिली होती, कोरीच पडली होती. राग लिहून काढला नाही तर वन्संवर निघतो.

७ मार्च

उद्यान अधीक्षकाच्या कचेरीत जाऊन आले, वन्संना घेऊन. रोपवाटिकेच्या टोकाला पत्र्याची खोली, टेबलावर खताच्या पुड्या, फायलींवर माती. माणूस चाळिशीचा, दिसायला सरळ. पण दिसण्यावर मी जात नाही. एकतीस वर्षं होजिअरीच्या कारखान्यात तपासनीस होते. वरून ठाकठीक स्वेटर उजेडासमोर धरला की सुटलेला टाका दिसायचा, आणि तो दिसला की अख्खी बाही उसवायला लावायचे. मुली मला मागून 'उसवाबाई' म्हणायच्या. मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

"काकू, तिथं नुसतं रान माजलंय," अधीक्षक म्हणाला. "एका मुलाला माशी चावली, पालकांचा अर्ज आलाय."

"म्हणजे माश्या आहेत."

"कुठल्या हो? मला तर कधी दिसल्या नाहीत."

"मग त्या मुलाला काय तुमची फाईल चावली?"

तो हसला. मला हसायचं नव्हतं, मी हसले नाही. तेवढ्यात वन्संनी वर्गात विचारावं तसं विचारलं, "किती आल्या म्हणजे आहेत असं तुम्ही धरणार? आकडा सांगा."

आकडा ठरला. १५ ते २८ मार्च, रोज सकाळी दहा वाजता पंधरा मिनिटं, वन्सं मोजणार. फुलावर येऊन बसेल ती मधमाशी, भुंगा, फुलपाखरू, सगळं धरायचं. सरासरी वीस आली तर पट्टा राहील. कमी आली तर फरशी. तीस तारखेला उद्यान समिती बसते, तिथं निकाल. तोवर पट्ट्यावर फवारणी बंद, असंही त्यानं सहीनिशी लिहून दिलं. मी तो कागद उजेडासमोर धरून पाहिला.

१० मार्च

मंगळवार, विणकाम मंडळ. वाचनालयाच्या वाचनखोलीत आम्ही आठ-दहा बायका बसतो. मी सांगून टाकलं, बाळांची टोपडी आणि मोबाईलची पाकिटं बस झाली. आता माश्या विणायच्या. शंभर तरी. पट्ट्याच्या कुंपणावर, झुडपांवर, फुलांच्या दांड्यांवर टांगायच्या. माणसं खऱ्या फुलाकडं ढुंकून बघत नाहीत, लोकरीची माशी दिसली तर थांबतील तरी. प्रत्येकीच्या गळ्यात एक चिठ्ठी: 'मी लोकरीची आहे. खरी कुठे गेली?'

ग्रंथपालबाई टाळ्याच वाजवायला लागल्या. आमच्यातली घाईघाई (तिचं विणकाम तिच्या बोलण्यासारखंच, भराभर आणि सैल) म्हणाली, "भर उकाड्यात लोकर? लोक हसतील." म्हटलं, हसू देत. हसायला थांबले तर वाचतील.

नमुना मी करून दाखवला. दोन ओळी काळ्या, दोन पिवळ्या, अंगठ्याएवढं पोट, पंख पांढऱ्या दोऱ्याचे. आत कापूस आणि मधोमध एक डांबरगोळी. ही माझ्या आईची शिस्त. लोकरीची वस्तू बाहेर ठेवायची तर गोळी हवीच, नाहीतर महिन्यात कसर लागते. लोकरीला कसर लागू देणारी बाई मी नव्हे. गोळ्यांचा अख्खा डबा आणला.

घरी वन्सं चार वेळा शिंकल्या. "वहिनी, वास फार येतोय." ह्यांचं सगळं घराणंच नाजूक नाकाचं. मला तर काही येत नाही. चाळीस वर्षं लोकरीच्या ट्रंका उघडतेय.

१५ मार्च

पहिला दिवस. वन्सं घडीची खुर्ची, छत्री, पेन्सिल आणि शाळेचं घड्याळ घेऊन बसल्या. मी बोलायला गेले तर ओठांवर बोट. मी! शाळेत यांच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरांची दया आली.

एकतीस. एकतीस! जांभळ्या फुलांवर तर नुसती गर्दी होती. मी तिथंच ठरवलं, या मोजणीचा स्वेटर विणायचा. जाड लोकर, दिवसाला चार ओळी, आणि प्रत्येक ओळीत जितक्या माश्या तितके पिवळे टाके, बाकी काळे. समितीपुढं तोच घालून जाणार. आकडे कागदावर कोण वाचतो? अंगावर घातले तर वाचावेच लागतील.

१७ मार्च

काल अठ्ठावीस, आज तीस. स्वेटरचा खालचा काठ सोनं दिसतोय. अधीक्षक सायकलवरून जाताना थांबला, आकडा विचारला. "तीस," मी म्हटलं, "आणि मागवलेली फरशी परत करायची तयारी ठेवा." उद्या माश्या टांगणार. एकशे बारा झाल्यात. घरभर पसरल्यात, पाय ठेवायला जागा नाही. वन्सं गॅलरीचं दार उघडं ठेवून झोपतात.

१८ मार्च

काय दिवस गेला! सकाळी आठपासून आम्ही सगळ्या शिड्या, दोरे घेऊन पट्ट्यात. दहाच्या आत एकशे बारा माश्या टांगून झाल्या. शाळा सुटल्यावर पोरं, पोरांच्या आया, बँकेतली माणसं, झाडून सगळे थांबून चिठ्ठ्या वाचत होते. एका गृहस्थांनी मला विचारलं, "खरंच कमी झाल्यात का हो माश्या?" म्हटलं, तुमच्या लहानपणी सरबताच्या पेल्यावर घोंगावायच्या त्या शेवटच्या कधी पाहिल्यात? ते कुंपणावर वाकून खऱ्या फुलाकडं बघायला लागले. वर्तमानपत्रवाला फोटो काढून गेला. मी पुढं, वन्सं मागं छत्रीत.

मोजणी चौदा. सकाळपासून एवढी माणसं फिरत होती, बिचकल्या असतील.

१९ मार्च

नऊ. आज माणसं नव्हती.

२० मार्च

सहा.

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तिथं वास कोंदलाय. खुर्चीत बसवत नाही."

"फुलांचा असेल."

"फुलांचा नाही."

आता यांच्या नाकाचे नखरे सांभाळू की पट्टा? माझं तोंड सुटलं. म्हटलं, तुम्हाला या घरात आल्यापासून कशाचा ना कशाचा वास येतोच. फोडणीचा, रॉकेलचा, माझ्या शालीचा. त्या पेन्सिलीला टोक करत बसल्या.

२२ मार्च

काल चार, आज दोन. आणि मला चोर सापडला.

मोजणी संपवून निघालो तर पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला माळी, पाठीवर फवारणीचा पंप! मला बघून नमस्कार करतोय, निर्लज्ज. मी विचारलं, काय मारतोयस? म्हणाला, "पाणी आहे बाई, नव्या रोपांना." पाणी! पंपानं! मी काय काल जन्मले? सहीनिशी लिहून दिलेला कागद, आणि पाठीमागून हे धंदे. सरळ चेहऱ्याचा माणूस, मी पहिल्याच दिवशी ओळखला होता.

दुपारभर बसून वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. 'उद्यान खात्याचा विषारी विश्वासघात.' वन्संनी वाचून शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि विचारलं, "पंपात काय होतं ते तुम्ही पाहिलंत का?"

"पाहायला कशाला हवं? आकडे बघा ना."

"आकडे 'किती' ते सांगतात वहिनी. 'कुणामुळे' ते नाही सांगत."

मास्तरीण ती मास्तरीणच. पत्र टाकून आले.

२४ मार्च

काल दोन, आज एक. एकच भुंगा, तोही बसल्या बसल्या उठून गेला. मंडळात सगळ्या पेटल्यात. आम्ही हटणार नाही, आणखी चाळीस माश्या टांगल्या. पहाटे दव पडतं, लोकर ओली होते, म्हणून या खेपेला पोटात दोन-दोन गोळ्या घातल्या. त्यांनी एक विष मारलं तर आम्ही दुप्पट माश्या उभ्या करू.

स्वेटरवर आजच्या चार ओळींत ओळीला एकच पिवळा टाका. घाईघाई म्हणाली, "हा काळा भाग उसवून टाका ना, किती भेसूर दिसतो." म्हटलं, दिसू दे. अधीक्षकाच्या कर्माचा आहे तो.

२५ मार्च

शून्य.

पत्र छापून आलं, चौकटीत. रस्त्यात तिघांनी थांबवून हात जोडले. दूधवाला म्हणाला, "काकू, दाखवलात हिसका." इतकं जिंकल्यासारखं वाटत होतं, पण वन्संनी वहीत पंधरा मिनिटांपुढं शून्य लिहिलं. त्या शून्याला त्यांनी नीट गोल दिला होता.

२६ मार्च

हे लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

आज मोजणीला अधीक्षक स्वतः आला. मी कंबर कसून उभीच होते. तो भांडलाच नाही. पंधरा मिनिटं वन्संच्या मागं गुपचूप उभा राहिला. दोन आल्या. मग म्हणाला, "काकू, पंपात पाणीच होतं. माळ्याला बोलावतो, पंप इथंच उघडू. पण मला एक सांगा, इथं माझ्या आईच्या ट्रंकेचा वास का येतोय?"

मी म्हटलं, कसला वास?

त्यानं दांडीवरची एक माशी काढली. नाकाशी नेली. मग दोन बोटांनी तिचं पोट दाबलं.

आत गोळी टणक लागली असणार. त्याच्या चेहऱ्यावर मला ती दिसली. कारखान्यात सुटलेला टाका सापडल्यावर माझा चेहरा असाच व्हायचा.

"किती आहेत अशा?"

"एकशे बावन्न," वन्सं म्हणाल्या. "चाळिसांत दोन-दोन."

बाईंनी गोळ्यासुद्धा मोजल्या होत्या! मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. कपड्यातली कसर पळावी म्हणून जी गोळी, ती मी माशीच्या दारात नेऊन टांगली. एक नाही, शंभर नाही. वर दव पडतं म्हणून दुप्पट. मीच. ज्या बाईनं एका टाक्यासाठी दुसऱ्यांच्या बाह्या उसवल्या तिनं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मी समितीत काही बोलणार नाही काकू. आकडे आहेत तेवढे ठेवीन." आणि सायकलवर बसून गेला. मी वर्तमानपत्रात त्याला विषारी म्हटलंय.

२७ मार्च

सगळ्या माश्या उतरवल्या. दोघींनीच. वन्संनी नाकाला रुमाल बांधला होता. दोन तास लागले. त्या एकदाही म्हणाल्या नाहीत की मी सांगितलं होतं. शेवटी मलाच राहवेना.

"बोला ना एकदाचं! वास येतोय म्हणून चार वेळा सांगितलंत."

"सहा वेळा," त्या म्हणाल्या. आणि पुढची माशी सोडवायला लागल्या.

२८ मार्च

मोजणी संपली. आजही दोनच. चौदा दिवसांची सरासरी साडेनऊ.

ग्रंथपालबाई संध्याकाळी घरी आल्या. दार लावून हळू आवाजात म्हणाल्या, "अधीक्षक बोलणार नाहीये ना? मग आपणही नको बोलूया. लोकांना वाटतंय फवारणी झाली. लोकांचा जोर आहे आपल्यामागं. पट्टा वाचेल. चांगल्या कामासाठी थोडं झाकलं तर काय बिघडलं?"

बाई वाईट नाहीत. पट्ट्यासाठी त्यांचा जीव तुटतो. आणि खोटं कशाला सांगू, एक घटकाभर मलाही मोह झाला. पत्र माझं, गर्दी माझी, टाळ्या माझ्या. गप्प बसायचं, बस. कबूल केलं तर अख्खं गाव हसणार. विणकामवाली म्हातारी, माशीच्या पोटात डांबरगोळी. हसतील आणि पट्टाही जाईल.

वन्सं आत भांडी लावत होत्या. त्यांनी एक ताट जरा जोरात ठेवलं.

मी म्हटलं, "नाही हो बाई. मी कुणाच्या विरुद्ध गप्प बसलेली नाही आजवर, आता स्वतःच्या विरुद्ध बसू?"

३० मार्च

आधी गोष्ट लिहून ठेवते, मग झोपणार. उद्या कदाचित धीर होणार नाही.

समितीत सात माणसं, लांब टेबल, पंखा घरघर करतोय. मी स्वेटर आहे तसाच अपुरा, सुटे टाके दोऱ्यात ओवून, घालून गेले. खाली सोन्याचा काठ आणि वर छातीपर्यंत काळं. घामानं निथळत होते. हॉल भरलेला. माझंच पत्र वाचून आलेली माणसं. अधीक्षकानं आकडे वाचले. सरासरी साडेनऊ. हॉलमधून कुणीतरी ओरडलं, "विष मारल्यावर काय येणार!" तो खाली बघून उभा.

मी उठले. पिशवी टेबलावर उपडी केली. एकशे बावन्न माश्या. शिवणाची कात्री घेतली आणि पहिलीचं पोट उसवलं. गोळी काढून अध्यक्षबाईंच्या पुढ्यात ठेवली. मग दुसरीचं. पाचव्या गोळीला अध्यक्षबाईंनी नाकाला पदर लावला.

"हे विष मी मारलंय," मी म्हटलं. "अधीक्षकांनी नाही. त्यांच्या पंपात पाणी होतं. मी न बघता त्यांची बदनामी केली. सगळ्यांसमोर केली म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते."

आणि मग हशा. वाटलं होतं तसाच. दूधवाला तर गुडघ्यावर थाप मारून हसत होता. माझे कान तापले. पण मी एकतीस वर्षं कारखान्यात उभी राहिलेय, हसण्यानं बसत नाही.

"हसून झालं? आता ऐका. गोळ्या टांगायच्या आधी तीस येत होत्या. टांगल्यावर आठवड्यात शून्य. एवढ्याशा गोळीनं! जी तुम्ही सगळे कपाटात ठेवता आणि विसरता. मग साहेब, बाकीच्या सगळ्या बागांत तुम्ही पिंपच्या पिंप फवारता, तिथं किती उरल्या असतील? तिथं कुणी मोजलंय? माझी चूक मी दाखवली. तुमची कोण उघडून दाखवणार?"

अधीक्षक माझ्याकडं बघत राहिला. माफी आणि फटका एका दमात मिळाल्यावर माणसानं काय करायचं?

वन्सं मागून म्हणाल्या, "प्रयोगात दोष होता. प्रयोग पुन्हा व्हावा. १ ते १० एप्रिल." विनंती नव्हतीच ती, गृहपाठ दिला बाईंनी. समितीनं मुकाट्यानं घेतला. ११ तारखेला निकाल.

४ एप्रिल

तीन, पाच, नऊ, आज चौदा. वास झाडांतून जाता जात नाहीये. वर्तमानपत्रात माझा माफीनामा आला, तोही चौकटीत. परवा दुकानात दोन पोरी माझ्याकडं बघून खिदळल्या. म्हटलं, "हो, मीच ती. गोळीवाली. आता इकडं या आणि ऐका." पंधरा मिनिटं सोडलं नाही त्यांना. दुसऱ्या दिवशी त्या मोजणीला आल्या आणि वन्संनी त्यांनाही ओठांवर बोट दाखवलं.

१० एप्रिल

एकोणीस, बावीस, चोवीस, तीस, तेहतीस, आज सदतीस! आणि तरी घात झाला. दहा दिवसांची सरासरी एकोणीस पूर्णांक सहा.

अधीक्षक पट्ट्यातच उभा होता. म्हणाला, "वीसच धरू की."

"एकोणीस पूर्णांक सहा," वन्सं.

"बरं, मग पहिले तीन दिवस सोडा. तेव्हा वास होता. ते दिवस काढले तर सरासरी पंचवीसच्या वर जाते. मी तसं लिहितो." तो माझ्याकडं वळला. "तुमच्या स्वेटरमधलाही तो काळा भाग उसवून घ्या काकू. कुणी विचारणार नाही."

मी त्या काळ्या पट्ट्यावर हात फिरवला. जन्मभर मी उसवत आले. चूक दिसली की उसव, जणू झालीच नाही. या खेपेला माझं बोट टाक्यात घुसेना.

"नाही," मी म्हटलं. "ते दिवस माझे आहेत. ते आत राहतील. उद्या समितीला म्हणावं, कागदावर निकाल नको. इथं या आणि अकरावा दिवस तुम्ही मोजा. बसू दे म्हणावं एकदा फुलांसमोर."

"आणि कमी आल्या तर?"

"तर फरशी घाला. पण बघून घाला."

११ एप्रिल

सात जणांची समिती, सात घडीच्या खुर्च्या. वन्संनी प्रत्येकाला पेन्सिल दिली आणि घड्याळ काढलं. अध्यक्षबाई बोलायला लागल्या तर त्यांनाही ओठांवर बोट. मी लांब, भिंतीशी, अंगात तोच अपुरा स्वेटर, हातात सुया आणि अंगाचं पाणी पाणी. पंधरा मिनिटं एवढी लांब असतात हे मला ठाऊक नव्हतं. पहिली चार मिनिटं काहीच नाही. मग एक भुंगा आला, गलेलठ्ठ, पिवळ्या फुलात शिरला, फूल वाकलं. समितीतल्या जाड्या गृहस्थांनी, जे तीस तारखेला सगळ्यात जास्त हसले होते, जीभ बाहेर काढून कागदावर रेघ मारली.

एक्केचाळीस.

वन्संनी तिथंच गणित केलं. अकरा दिवसांचे दोनशे सदतीस. सरासरी साडेएकवीसच्या जरा वर. अध्यक्षबाई उठल्याच नाहीत लगेच. म्हणाल्या, "मी आयुष्यात एवढा वेळ फुलाकडं पाहिलं नव्हतं."

पट्टा राहिला. एक वर्ष, मग परत मोजायचं. अधीक्षकानं आणखी एक कागद दिला: या वर्षी दोन बागांत फवारणी बंद, आणि तिथंही मोजणी. मी तो उजेडासमोर धरला नाही, तसाच पिशवीत ठेवला. त्याच्या आईला लोकर हवीये म्हणे. मंगळवारी पाठव म्हटलं.

१४ एप्रिल

स्वेटरचे टाके बंद केले. खाली सोनं, पोटावर काळं, वर पुन्हा सोनं. घाईघाई म्हणते मधमाशीच झाली आहे. वाचनालयात काचेच्या कपाटात ठेवायचा म्हणतात. ग्रंथपालबाईंनी विचारलं, "कसर लागू नये म्हणून काय ठेवू?" म्हटलं, काही नको. दर महिन्याला काढून उन्हात टाका. नाही जमलं तर मला बोलवा, मी झटकेन.

सकाळी वन्सं ब्रश घेऊन गॅलरीत गेल्या आणि लगेच परत आल्या. मला वाटलं पाय घसरला की काय. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, ब्रश तसाच कोरडा.

"काय झालं?"

"फुलात कुणीतरी आहे," त्या हळूच म्हणाल्या, जणू आत पाहुणे बसलेत. मी उठणार तर माझा हात धरला. "नको वहिनी. काम करू दे तिला."

आम्ही दोघी तिथंच उभ्या राहिलो. माझा हात त्यांनी सोडला नाही, मीही काढून घेतला नाही. मग त्यांनी ब्रश धुतला आणि पेन्सिलींच्या डब्यात ठेवून दिला.